४५ पैशांचा विमा आणि फोनमध्येच अडकलेले कागद

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे 'अं... म्हणजे...' आणि मधेच भुंकलेला कुत्रा काढून टाकलाय. बाकी जवळजवळ जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मी अंबाडीहून बोलतोय. अंबाडी कुठे आलं, असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो: भिवंडीहून वाड्याला जाताना जो नाका लागतो, जिथून वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे रस्ता फुटतो, तेच आमचं गाव.

आजचा विषय आहे प्रवास, विमा आणि आपल्या खिशातली इलेक्ट्रॉनिक्स. ऐकायला कंटाळवाणं वाटतंय ना? मलाही वाटायचं. पण यंदा भात झोडून झाला आणि आईने जाहीर केलं की काशीला जायचं. बाबांनी आधी नन्नाचा पाढा लावला, मग तयार झाले. तिकीट काढायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. गाडी महानगरी एक्सप्रेस, बसायचं कल्याणला.

(जाता जाता एक टीप. ही गाडी मुंबईहून रात्री बारानंतर सुटते. म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून घरातून निघायचं असेल, तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. ही चूक करून स्टेशनवर उभे राहिलेले लोक मी पाहिलेत.)

तर मी मोबाइलवर तिकीट काढतोय, बाबा शेजारी चष्मा लावून बसलेत. नावं भरली, वय भरलं, आणि खाली प्रश्न आला: प्रवास विमा हवा का? दर माणशी ४५ पैसे. मी सवयीने 'हो' केलं आणि पुढे जाणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब. हे ४५ पैसे कसले? आणि आम्हाला काय झालं तर ते कोणाला मिळणार? त्यांना कसं कळणार?"

खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतकी वर्षं मी त्या खुणेवर बोट ठेवत आलोय, पण पुढे काय होतं ते कधी वाचलंच नव्हतं. मग त्या रात्री बसून सगळं वाचलं. आजचा एपिसोड म्हणजे बाबांच्या त्या तीन प्रश्नांची उत्तरं.

४५ पैशांत नेमकं काय मिळतं?

आयआरसीटीसीच्या साइटवरून किंवा ॲपवरून तिकीट काढलं, तरच हा विमा मिळतो. खिडकीवर रांग लावून काढलेल्या तिकिटाला तो नाही. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असायला हवं. एका पीएनआरवर चार माणसं असतील तर चौघांनाही लागू, एकाला हो आणि दुसऱ्याला नाही असं करता येत नाही.

रक्कम बघा. रेल्वे अपघातात मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १० लाख रुपये. कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर साडेसात लाखांपर्यंत. जखमी होऊन दवाखान्यात राहावं लागलं तर २ लाखांपर्यंत. आणि मृतदेह घरी आणायच्या खर्चासाठी १० हजार. ४५ पैशांत हे सगळं.

आता काय मिळत नाही ते ऐका, कारण गोंधळ तिथेच होतो. गाडीत कोणाला हार्ट अटॅक आला, अपचन झालं, शुगर वाढली, तर हा विमा लागू नाही. तो अपघाताचा आहे, आजारपणाचा नाही. बॅग चोरीला गेली, मोबाइल गेला, तरीही नाही. हा विमा माणसाचा आहे, सामानाचा नाही. आणि सामान रेल्वेकडे रीतसर बुक केलेलं नसेल, तर रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध केल्याशिवाय रेल्वेही ते भरून देत नाही. म्हणजे तुमच्या मांडीवरच्या लॅपटॉपची जबाबदारी तुमचीच.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. समजा हा विमा घेतलाच नाही. तरी रेल्वे अपघातात मृत्यू झाला तर रेल्वे कायद्यानुसार ८ लाखांची भरपाई मिळू शकते. आधी ही रक्कम ४ लाख होती, १ जानेवारी २०१७ पासून ती दुप्पट झाली. त्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. वैध तिकीट किंवा पास असलेला कोणताही प्रवासी यात येतो, लोकलचा पासधारकसुद्धा. आयआरसीटीसीचा विमा मिळतो तो याच्या वर, वेगळा. म्हणून पास संपलाय तर 'एकच दिवस तर आहे' म्हणून विनातिकीट चढू नका. दंडाचं जाऊ द्या, घरच्यांचा हक्क त्या तिकिटावर अवलंबून असतो.

नॉमिनी: जिथे जवळजवळ सगळे चुकतात

बाबांचा दुसरा प्रश्न: पैसे कोणाला मिळणार?

तिकीट निघालं की विमा कंपनीकडून एक एसएमएस आणि ईमेल येतो. त्यात पॉलिसीचा नंबर असतो आणि नॉमिनीचं नाव भरायची लिंक असते. तिकीट काढताना नॉमिनी भरला असं समजू नका, ती लिंक उघडून बघा. मी माझ्या जुन्या मेलमध्ये शोधलं, तर गेल्या काही वर्षांच्या अशा कितीतरी मेल न उघडता पडलेल्या. प्रत्येक वेळी पैसे भरलेले आणि नॉमिनीची जागा रिकामी.

नॉमिनी नसेल तर पैसे बुडत नाहीत. कायदेशीर वारसांना मिळतात. पण मग वारस कोण हे कागदोपत्री सिद्ध करत बसावं लागतं. घरात माणूस गेलेला असताना हे हेलपाटे कोण घालणार?

आता खरी गंमत. मी बाबांसमोर नॉमिनीत आईचं नाव टाकलं. आईच्या नॉमिनीत बाबांचं. बाबांनी एक क्षण विचार केला आणि म्हणाले, "अरे, पण आम्ही दोघं एकाच डब्यात आहोत की."

मी गप्प. गोष्ट साधी आहे, पण माझ्या डोक्यात आलीच नव्हती. जो माणूस त्याच गाडीत शेजारच्या बर्थवर झोपलाय, त्याला नॉमिनी करून उपयोग काय? नवरा-बायको, मित्र-मित्र, आई-मुलगा एकत्र जात असतील तर नॉमिनी घरी राहणारा माणूस हवा. आम्ही दोघांच्याही पुढे ताईचं नाव घातलं.

दुसरा सापळा म्हणजे तिकीट कोणी काढलं. आमच्याकडे नाक्यावर झेरॉक्सच्या दुकानातून तिकीट काढून घ्यायची पद्धत आहे. तुमच्याही गावात असेल. दुकानदाराने त्याचाच मोबाइल नंबर आणि त्याचाच ईमेल टाकला, तर विम्याचा मेसेज आणि नॉमिनीची लिंक कोणाकडे जाणार? त्याच्याकडे. तुम्हाला पॉलिसी आहे हेही कळणार नाही. तेव्हा तिकीट कोणाकडूनही काढा, पण नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या, आणि विम्याला 'हो' केलंय का ते तोंडाने विचारा.

अंबाडी ते कल्याण: या रस्त्याचा विमा कोण देणार?

रेल्वेचा विमा गाडीत चढण्यापासून उतरण्यापर्यंतचा. घर ते स्टेशन त्यात येत नाही. आणि भिवंडी-वाडा रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल मी वेगळं सांगायला नको. माझ्या मते आईबाबांच्या अख्ख्या काशीयात्रेत सगळ्यात धोक्याचा टप्पा हाच.

एसटीने गेलात तर २०१६ पासून तिकिटाच्या पैशातच अपघात साहाय्यता निधीचा एक रुपया धरलेला असतो. अपघातात मृत्यू झाला तर वारसांना १० लाखांपर्यंत मदत मिळते. म्हणून एसटीचं तिकीट उतरेपर्यंत फेकू नका. चुरगळून खिशात टाका, पण ठेवा.

जीप किंवा इकोने जाणार असाल तर बसण्याआधी नंबरप्लेट बघा. पिवळी प्लेट म्हणजे भाड्याने प्रवासी नेण्याचा परवाना असलेलं वाहन. पांढरी प्लेट म्हणजे खासगी. खासगी गाडीत पैसे घेऊन माणसं बसवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी वाद घालू शकते, आणि त्या वादात जखमी माणसाची वर्षं जातात. नाइलाजाने आपण बसतो हे मला माहितेय, मीही बसतो. पण दोन्ही गाड्या उभ्या असतील तर पिवळीत बसा.

स्वतःची बाइक असेल तर आणखी नीट ऐका. बरेच जण फक्त थर्ड पार्टी विमा काढतात, पोलिसाला दाखवण्यापुरता. त्यात समोरच्याचं नुकसान भरलं जातं. तुमच्या मागे बसलेला मित्र त्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच हे स्पष्ट केलंय. मागे बसणाऱ्याला संरक्षण हवं असेल तर पॅकेज पॉलिसी, म्हणजे आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो ती, लागते. आणि गाडीमालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तोसुद्धा लायसन्स वैध असेल तरच. लायसन्स नसलेल्या भावाला 'नाक्यापर्यंत जाऊन ये' म्हणून चावी देताना हे आठवा.

आणि एक विमा असा आहे जो घरापासून काशीपर्यंत सगळीकडे चालतो: प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, बँक खात्यातून आपोआप कापले जातात. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. त्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. मे महिन्याच्या शेवटी खात्यात २० रुपये नसतील तर विमा बंद पडतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. बाबांचं पासबुक काढून बघितलं, पैसे कापलेले होते. आईच्या खात्यातून कधी कापलेच गेले नव्हते, कारण तिने फॉर्मच भरला नव्हता. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन भरला. तुम्ही आज एवढं एकच काम केलंत तरी माझा एपिसोड वसूल झाला.

रस्ते अपघाताबद्दल शेवटचं. ५ मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. रस्त्यावर मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या कोणालाही, योजनेतल्या रुग्णालयात, पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंतचे उपचार. अपघात झाला की ११२ लावा. ॲम्ब्युलन्ससाठी आपल्या महाराष्ट्रात १०८ आहेच.

माझा फोन कसा गेला

आता फोनकडे येऊ. ही माझी फजिती आहे, पण सांगतो.

दोन वर्षांपूर्वी नागपूरहून परत येत होतो. रात्री फोन चार्जिंगला लावला आणि झोपलो. आता हे माहीत आहे का तुम्हाला? रात्री ११ ते पहाटे ५ रेल्वे चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवते, आगीचा धोका नको म्हणून. म्हणजे माझा फोन चार्जही होत नव्हता, नुसताच वायरला टांगून चोराची वाट बघत होता. नाशिकरोड गेल्यावर जाग आली, तर वायर होती आणि फोन नव्हता.

मी बिनधास्त होतो, कारण फोनचा विमा होता. घेताना दुकानातच काढला होता. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक बरीचशी माझीच होती. दावा फेटाळला गेला. कारणं ऐका. एक, फोन लक्ष न ठेवता सोडला होता आणि तसं असेल तर पैसे मिळणार नाहीत असं पॉलिसीत लिहिलेलं होतं. दोन, चोरी कळवायला ४८ तासांची मुदत होती आणि मी चौथ्या दिवशी कळवलं. तीन, त्यांनी बिल मागितलं. बिल कुठे होतं? व्हॉट्सॲपवर. व्हॉट्सॲप कुठे होतं? चोराकडे.

फोनच्या विम्याचे सगळे कागद मी फोनमध्येच ठेवले होते. घराची चावी घरातच ठेवून कुलूप लावण्यातला प्रकार.

आणि त्याहून वाईट म्हणजे, कल्याणला उतरून शेजारच्या माणसाचा फोन मागितला, तर मला एकाही माणसाचा नंबर पाठ नव्हता. ताईचाही नाही. घरच्यांना कळवायला मला अंबाडीपर्यंत यावं लागलं.

फोन गेला तर पहिल्या तासात काय करायचं

क्रम महत्त्वाचा आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा. पण तोही फक्त फोनमध्ये नको!

पहिलं: सिम बंद करा. कोणाचाही फोन घेऊन तुमच्या मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा. ओटीपी सिमवर येतो, म्हणून सिम आधी, फोन नंतर.

दुसरं: बँकेला कळवा आणि यूपीआय बंद करायला सांगा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब. तुमची चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि तुम्ही बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार तो भार तुमच्यावर येत नाही. पण पिन तुम्हीच कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवला असेल, तर ती तुमची चूक धरली जाते.

तिसरं: दुसऱ्या फोनवरून तुमच्या गूगल किंवा ॲपल खात्यात जाऊन फोन लॉक करा.

चौथं: पोलीस तक्रार. गाडीत चोरी झाली तर मधेच उतरायची गरज नाही. १३९ वर रेल मददला कळवा. टीटीई किंवा गाडीतल्या पोलिसांकडे तक्रारीचा फॉर्म मिळतो, तो तिथेच भरता येतो. चोरी जळगावजवळ झाली आणि कळलं कल्याणला, तरी कल्याणचे लोहमार्ग पोलीस तक्रार घेऊन पुढे पाठवू शकतात. याला झिरो एफआयआर म्हणतात, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ती तरतूद लिहिलेलीच आहे. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर चालत नाही. आणि तक्रारीत 'हरवला' की 'चोरीला गेला' हे जे खरं असेल तेच लिहा. 'हरवला' असं लिहिलेलं असेल तर चोरीच्या विम्याचा दावा उभा राहत नाही.

पाचवं: संचार साथी. मे २०२३ मध्ये केंद्राने हे पोर्टल आणलं, आता ॲपही आहे. त्यावर आयएमईआय नंबर आणि पोलीस तक्रारीची प्रत टाकून फोन ब्लॉक करता येतो. मग तो देशातल्या कोणत्याही नेटवर्कवर चालत नाही. ओटीपीसाठी त्याच नंबरचं नवं सिम आधी घ्यावं लागतं. फोन सापडला तर अनब्लॉकही करता येतो.

आयएमईआय काढायला आत्ताच स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश डायल करा. पंधरा आकडी नंबर दिसेल, दोन सिमचा फोन असेल तर दोन दिसतील. कागदावर लिहा. हो, कागदावर, पेनाने.

आणखी एक युक्ती: सेटिंगमध्ये जाऊन सिमला पिन लावा. म्हणजे चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं तरी ओटीपी मिळणार नाही. मात्र पिन तीनदा चुकला तर सिम अडकतं आणि पीयूके कोड लागतो, तेव्हा अंदाजाने आकडे दाबू नका.

गरम कुंड, पावसाळा आणि बाइकचा होल्डर

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आमच्यापासून जवळ. सुट्टीला मुंबईकडून पोरं येतात आणि कुंडात पाय सोडून फोनने रील काढतात. 'वॉटरप्रूफ आहे भाऊ' म्हणतात.

तसं नसतं भाऊ. फोनवर आयपी ६७ किंवा ६८ लिहिलेलं असतं, ती चाचणी प्रयोगशाळेत, स्थिर, स्वच्छ, साध्या तापमानाच्या पाण्यातली असते. आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल, अर्धा तास. गरम पाणी, वाफ, कुंडातले क्षार, साबण यांची हमी त्यात नाही. शिवाय फोन जुना झाला किंवा एकदा पडला की आतली रबरी सील सैल होते. आणि पाणी गेलं तर? बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत पाण्याचं नुकसान बसत नाही. फोनच्या आत एक छोटी पट्टी असते, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. 'नाही हो, कोरडाच होता' म्हणून चालत नाही.

इथे वॉरंटी आणि विमा यातला फरक लक्षात घ्या. वॉरंटी म्हणजे कंपनीने बनवताना केलेली चूक. विमा म्हणजे आपल्या हातून झालेला अपघात. पाणी आणि फुटलेली स्क्रीन हे विम्याचं काम, तेसुद्धा पॉलिसीत लिहिलं असेल तर.

फोन भिजलाच तर बंद करा, सिमचा ट्रे काढा, पुसून हवेशीर ठेवा. चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यात घालू नका, आतली पावडर पोर्टमध्ये जाते. आम्ही भात पिकवणारी माणसं आहोत, आमच्यावर विश्वास ठेवा.

बाइकवाल्यांसाठी: हँडलला होल्डर लावून मॅप बघत जाता ना? ॲपलने २०२१ मध्येच सांगितलंय की इंजिनाच्या जोरदार कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. त्यात आमच्या रस्त्याचे धक्के मिळवा. कंपन शोषणारा होल्डर घ्या, नाहीतर फोन खिशात आणि मॅपचा आवाज एका कानात, तोही हळू. आणि भर उन्हात होल्डरवर ठेवून चार्जिंग नको. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सगळ्यात जास्त मारते.

विमान आणि परदेश, थोडक्यात

पॉवरबँक कधीही चेक-इन बॅगेत टाकायची नाही, हातातल्या बॅगेतच. मर्यादा आहे १०० वॉट-अवर. हिशोब असा: एमएएच गुणिले ३.७, भागिले १०००. तुमची २०,००० ची पॉवरबँक म्हणजे ७४, चालते. २७,००० च्या पुढे गेलात की अडकाल, विमान कंपनीची परवानगी लागते. आकडे पुसट झालेले असतील तर सुरक्षा तपासणीत ती ठेवूनच घेतली जाऊ शकते. विमानात ती वापरण्याचे नियमही आता कडक होतायत, म्हणून चढण्याआधीच फोन पूर्ण चार्ज करा.

परदेशात जाणार असाल तर चार्जर उलटा करून बारीक अक्षरं वाचा. '१००–२४०' असं लिहिलं असेल तर तो जगात कुठेही चालेल, फक्त पिनचा ॲडॅप्टर लागेल. दुबई, लंडन, सिंगापूरला तीन चपट्या पिनांचा. पण आईने पाठवलेला २३० व्होल्टचा मिक्सर अमेरिकेतल्या १२० व्होल्टवर चटणी वाटणार नाही. ॲडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही.

आणि परदेशी प्रवासाच्या विम्यात बीपी-शुगर असेल तर लपवू नका. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पण पॉलिसी व्हिसापुरती काढायची नसते, दवाखान्यात चालेल अशी काढायची असते.

दावा अडला तर

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. मुंबईत त्यांचं कार्यालय आहे. विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' नावाचं पोर्टल आहे आणि १५५२५५ हा नंबर आहे. माझा दावा फेटाळला तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझ्याकडे न बिल होतं, न वेळेत केलेली तक्रार, त्यामुळे जाऊनही कदाचित काही झालं नसतं. पण ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांनी जरूर जावं.

बाबांचा तिसरा प्रश्न

राहिला शेवटचा: त्यांना कसं कळणार?

यावर ॲप नाही. विमा कंपनीला अपघात झाल्याचं कोणीतरी घरून कळवावं लागतं. आणि घरच्याला पॉलिसी आहे हेच माहीत नसेल, तर ४५ पैसे असोत की ४५ हजार, कागद पडून राहतो.

म्हणून आम्ही एक कागद केला. त्यावर लिहिलं: गाडी, तारीख, पीएनआर, डबा, बर्थ. रेल्वे विम्याचा पॉलिसी नंबर. २० रुपयांचा विमा कोणत्या बँकेत आहे ते. दोघांच्या फोनचे आयएमईआय. माझा आणि ताईचा नंबर. खाली ११२, १३९, १९३०. आईच्या गोळ्यांची नावं. पिन आणि पासवर्ड मात्र एकही नाही, कारण कागदही हरवतो. तीन झेरॉक्स काढल्या: एक आईच्या पिशवीत, एक बाबांच्या खिशातल्या डायरीत, एक ताईकडे.

ताईला फोन करून सांगितलं की तुझं नाव नॉमिनीत घातलंय. ती आधी ओरडली, "असलं अभद्र काय बोलतोस?" मग थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "कागद पाठव. आणि फोटो नको, खरा कागद दे."

परवा रात्री दोघांना कल्याणला गाडीत बसवून आलो. गाडी हलायच्या आधी बाबांनी खिडकीतून खिसा थोपटून दाखवला, डायरी आहे म्हणून. नंतर आईचा व्हॉट्सॲपवर घाटाचा फोटो आला, अर्ध्या फोटोत तिचं बोट.

तर मंडळी, आजचं काम छोटं आहे. तुमच्या ईमेलमध्ये जुनं तिकीट शोधा आणि नॉमिनीची लिंक कधी उघडली होती का ते बघा. मग एक कागद करा आणि घरी राहणाऱ्या माणसाला द्या. हा एपिसोड अशा एका मित्राला पाठवा, जो पुढच्या आठवड्यात कुठेतरी निघालाय.

भेटू पुढच्या भागात. जपून जा, आणि पोचलात की फोन करा!